गुरुवारचा डॉक्टर

गंधमुक्तीच्या मंडपात माइक कोणाच्या हातात द्यावा, याला काही धरबंध असावा की नाही? पण असोद्यात काय आणि सगळ्या जिल्ह्यात काय, हेच चालतं. माणूस गेला की तेराव्या दिवशी आधी सोसायटीचा चेअरमन बोलतो, मग माजी सरपंच, मग ज्यानं मेलेल्याला वर्षभरात एकदा चहा विचारला नाही तो बोलतो, आणि जो तो स्वतःच्याच कामांची यादी वाचून खाली बसतो. मगनच्या गंधमुक्तीलाही तेच चाललं होतं. मागच्या अंगणात गंगाफळाच्या भाजीचं पातेलं उतरलं होतं आणि बट्ट्या तळणीत पडत होत्या. कामिनी बायकांच्या बाजूला मगनच्या बायकोच्या, कोकिळाकाकूच्या शेजारी मांडी घालून बसली होती. चेअरमननं ‘कैलासवासी मदनभाऊ’ म्हटलं तेव्हापासून तिचं डोकं फिरलं होतं. मदन नाही, मगन. तेराव्याला आलास ना, मग निदान नाव तरी विचारून ये.

शेवटी योगराज उठला. मगनचा थोरला भाऊ, कामिनीचा बाप. पिंप्राळ्यात बंगला, ठिबकच्या नळ्यांची एजन्सी, चार माणसांत बोलायची सवय. त्यानं पांढरा रुमाल कपाळावरून फिरवला आणि माइक धरला.

"माझा लहान भाऊ साडेअकराला गाडीच्या फाळक्यावरून पडला आणि बाराला आम्ही त्याला घेऊन जळगावला दवाखान्यात होतो. घरच्यांनी एक मिनिट वाया घालवलं नाही. पण मारच असा होता की कोणी काही करू शकत नव्हतं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. शेवटी वेळ आली की इलाज नसतो. मगनच्या नावानं आमच्या परिवारातर्फे गावाच्या वेशीवर कमान बांधायचं आम्ही ठरवलंय."

मंडपातल्या माना हलल्या. कमान म्हटल्यावर तर जास्तच हलल्या.

कामिनीनं मूठ आवळली. कोणी काही करू शकत नव्हतं? तिनं त्या दिवशी धावत्या अँब्युलन्समध्ये, खिडकीच्या उजेडात, काकाच्या डोक्याची फिल्म धरून पाहिली होती. कवटीच्या आतल्या बाजूला रक्ताची गुठळी साठली होती आणि ती मेंदूला दाबत होती. मेंदूला स्वतःला फारसं काही झालेलं नव्हतं. कवटी उघडून गुठळी काढली असती तर माणूस आठ-दहा दिवसांत घरी आला असता. मेंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये ही त्यातल्या त्यात सरळ. ही शस्त्रक्रिया करणारा हात मात्र त्या दिवशी मिळाला नव्हता. पहिल्या हॉस्पिटलात कळलं की मेंदूचे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. मगन पडला सोमवारी. दुसरीकडे गेले तर तिथले साहेब परगावी. मग काय, काढा अँब्युलन्स, गाठा नाशिक. कामिनीची इंटर्नशिप धुळ्याला झाली होती आणि तिथंच सरकारी दवाखान्यात ती सहा महिन्यांची ड्यूटी करत होती. पारोळा चौफुलीवर ती अँब्युलन्समध्ये चढली. धुळ्यातही मेंदूचा सर्जन नव्हता आणि नाशिकला थिएटर तयार ठेवलं होतं म्हणून गाडी कुठं थांबवली नाही. झोडग्याच्या पुढं काकाचा श्वास थांबला. तिनं मालेगावपर्यंत त्याची छाती दाबली, आणि मग दाबायची थांबली.

आणि आता बाप माइकवरून सांगतोय की वेळ आली होती.

ती ताडकन उठली. कोकिळाकाकूनं वरही पाहिलं नाही. तेरा दिवसांत काकू अशीच होती, जेवायला सांगितलं की जेवायची आणि उठायला सांगितलं की उठायची.

मागच्या अंगणात ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून कौतिक उभा होता. केळीच्या कटाईच्या टोळीचा तो मुकादम. त्या दिवशी मगनच्या शेतात त्याचीच टोळी घड उतरवत होती. कामिनीला पाहून त्यानं टोपी काढली आणि परत घातली.

"ताई, एक विचारू का? राग नका मानू. योगराजभाऊ साडेअकरा काहून म्हने?"

"म्हणजे?"

"मगनभाऊ तर साडेआठले पडला. आमची पयली गाडी भरनं चालू व्हती."

कामिनीला आधी कळलंच नाही. "कौतिकभाऊ, दवाखान्याच्या कागदावरपण साडेअकराच लिहिलंय."

"आता कागदावर कोनी लिव्हलं ते मले काय माहीत? मी व्हतो ना तिथी. वर घड रचता रचता फाळक्यावरून पाय सटकला, डोकं बांधाच्या दगडावर. एक घडीभर गपगार पडला. मंग उठून बसला आन् आमच्यावरच हासला. डोक्याले उपरनं बांधलं आन् पुरी गाडी भरली ना ताई त्यानं. आमची पोरं म्हने, भाऊ म्हंजे वाघ हाये. गाडी गेल्यावर मी त्याले घरी आनलं. म्हने, डोकं ठनकते. वकला. काकूनं लिंबूपानी देलं. मी मोटरसायकल काढली व्हती, ताई. जळगाव काय, दहा मिनिटं. म्हटलं, बसा मांगं."

"मग?"

कौतिक मंडपाकडं पाहायला लागला. ओट्यावर खुर्ची टाकून तोताराम नाना बसले होते, कामिनीचे आजोबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, तेरा दिवसांत कोणाशी एक शब्द बोलला नव्हता.

"मंग काही नाही," कौतिक म्हणाला. "भाऊले झोप लागली निंबाच्या झाडाखाली. घोरत व्हता. आमाले वाटलं, दमला, झोपू द्या. घोरते म्हंजे चांगली झोप हाये. साडेअकराले काकू उठवाले गेली तर उठेच ना."

घोरत होता. डोक्याला मार लागलेला माणूस असा घोरायला लागला तर मेंदूवर दाब वाढतोय, एक क्षणही वाया घालवू नये, हे तिला पाठ होतं. आणि तीन तास. जळगाव सहा किलोमीटरवर, मोटरसायकल दारात, आणि माणूस तीन तास घरात.

ती तडक खताच्या खोलीकडं गेली. योगराज नुकताच माइक चेअरमनच्या हातात परत देऊन तिथं पाणी प्यायला आला होता. मिश्रखताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, आणि खिडकीपलीकडं ओटा.

"साडेआठला पडला काका."

योगराजनं ग्लास खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"कोण का म्हणेना. तुम्ही दवाखान्यात खोटं सांगितलं, पप्पा. डॉक्टरला खोटी वेळ सांगितली. डोक्याच्या पेशंटमध्ये वेळच तर पाहतात. आणि आज सगळ्या गावासमोर माइकवरून परत तेच."

"हळू बोल."

"का हळू बोलू? काका मेला माझा."

"माझा भाऊ मेला," योगराज म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दुःख तुला जास्त की मला जास्त, ते ठरवायचं आहे का इथं? आणि साडेनऊला नेलं असतं तर काय केलं असतं तिथं? तो मेंदूचा डॉक्टर गुरुवारीच येणार होता ना? सोमवारी साडेनऊला गेलो काय आणि बाराला गेलो काय."

"साडेनऊला नेलं असतं तर तो बोलत होता, चालत होता. दहाला फोटो निघाला असता. अकराला अँब्युलन्समध्ये, तीन-साडेतीनला नाशिकला टेबलावर. शुद्धीत पोचला असता तो कदाचित. तीन तास का थांबलात ते सांगा. कोणी थांबवलं?"

"सोड तो विषय. आज शनिवार आहे. तुझी ती यादी पाचपर्यंत भरायची आहे ना?"

हे योगराजला बरोबर जमायचं. समोरच्याच्या दुखऱ्या जागेवर हात ठेवून विषय बदलायचा. कामिनीनं पुढच्या शिक्षणाची परीक्षा दिली होती, गुण उत्तम होते, आणि कुठला विषय, कुठलं कॉलेज याची पसंतीची यादी आज संध्याकाळी पाचच्या आत लॉक करायची होती. पहिल्या नंबरवर तिनं मेंदूची शस्त्रक्रिया टाकली होती. सलग सहा वर्षं. त्यावरून घरात दिवाळीपासून जुंपलेली होती.

"त्वचारोग टाक वरती," योगराज म्हणाला. "तीन वर्षांत मोकळी होशील. रिंग रोडला गाळा बघून ठेवलाय तुझ्यासाठी. न्यूरोसर्जरी करून काय करणार आहेस? एक तरी शिकलेला इथं टिकलाय का आजूबाजूला? मशीन पाहिजे, आयसीयू पाहिजे, भूल देणारा पाहिजे. इथं काय आहे? तू शिकशील, मुंबई-पुण्यात बसशील, आणि गुरुवारी इथं येशील. गुरुवारचीच डॉक्टर होशील तूपण."

तिला त्याचा जीव घ्यावासा वाटला, कारण यातलं निम्मं तरी खरं होतं. इंटर्नशिपमध्ये साक्रीकडच्या आरोग्य केंद्रावर असताना तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या कितीतरी चिठ्ठ्या तिला आठवत होत्या. डोक्याला मार, पुढे न्या. अर्धांगवायू, पुढे न्या. आठ वर्षांची मुलगी, रोज फिट येते, घरचे तोंडाजवळ चप्पल धरतात, पुढे न्या. पुढे म्हणजे कुठं, आणि कशानं, आणि पुढं पोचले का, हे त्या चिठ्ठीत कधीच लिहायचं नसतं. तिसऱ्या वर्षापासून तिला मेंदूच शिकायचा होता, पण या चिठ्ठ्यांनी त्या आवडीचं हट्टात रूपांतर केलं होतं.

"विषय बदलू नका," ती म्हणाली. "कोणी थांबवलं? सांगा, नाहीतर मी बाहेर जाऊन माइक घेते आणि चारशे माणसांना विचारते."

दारात लताबाई येऊन उभी राहिली. कामिनीची आई. तिच्या हातात वाढायची पळी तशीच होती. "अगं, काय लावलंय? सगळं बाहेर ऐकू जातंय."

"ऐकू दे, आई. तुलापण माहीत होतं ना?"

लताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आयुष्यभर ती आधी नवऱ्याकडं पाहून मग बोलली होती. आज मात्र पाहिलं आणि नजर काढून घेतली. "सांगून टाका हो. लेकीला नाही तर कोणाला सांगणार?"

"सांगू?" योगराजनं दोन्ही हात गोण्यांवर आपटले. "ऐक मग. कौतिक न्यायला निघाला होता. नानांनी थांबवलं. म्हणाले, आपल्या घरात डॉक्टर आहे, आधी कामिनीला विचारू. ती सांगेल त्या दवाखान्यात नेऊ. कोकिळेला फोन लावायला बसवलं. सारखी लावत होती. तू उचलत नव्हतीस. नाना म्हणत होते, ड्यूटीवर असेल, लावत राहा, उचलेल. म्हातारा तुझ्या नावावर बसून राहिला दोन तास. हे लिहायला पाहिजे होतं का मी दवाखान्याच्या कागदावर? बापानं पोराला बसवून ठेवलं, असं? का पोरीनं फोन उचलला नाही, असं?"

बाहेर चेअरमन परत काहीतरी बोलत होता.

हे काही या एका घरचंच नव्हतं. घरात एक पोरगी डॉक्टरकीला गेली की सगळ्या भाऊबंदांचा ताप, मुरडा, शुगर तिच्याकडं. शेजारच्या सुगंधाबाई धुळ्याला फोन लावून विचारायच्या की गोळी जेवणाआधी घेऊ की नंतर, आणि नाना तर दवाखान्याची पायरी चढायच्या आधी फोन कानाला लावायचे आणि मोठ्यानं बोलायचे, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं. कामिनी हसायची आणि कौतुक करून घ्यायची. तिनं कधी म्हटलं नव्हतं, नाना, मला विचारत बसू नका. म्हणायला हवं होतं.

तिनं फोन काढला. त्या दिवशी तिला चुकलेले कॉल दिसले होते. पण अकरा चाळीसला आईचा फोन आला, काका बेशुद्ध आहे म्हणाली, आणि ते सगळे कॉल त्याच घाईतले असतील असं ती धरून चालली. वेळा पाहिल्या नव्हत्या. पाहायला हिंमत झाली नव्हती, हे जास्त खरं. आता बोटानं यादी खाली सरकवली. कोकिळाकाकू, नऊ पंचवीस. कोकिळाकाकू, नऊ एकतीस. कोकिळाकाकू, नऊ चाळीस. एकोणीस होते.

त्या सकाळी सोनगीरजवळ प्रवाशांनी भरलेली गाडी उलटली होती. कामिनी एकामागून एक डोकी शिवत होती. परक्यांची डोकी. एप्रन खुंटीला आणि फोन एप्रनच्या खिशात.

"मी ड्यूटीवर होते," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, तिलाही कळलं नाही.

तेवढ्यात बाहेर माइकवर खरखर झाली आणि चेअरमनचा आवाज मध्येच तुटला.

खिडकीतून ओट्यावरची खुर्ची रिकामी दिसली. योगराज धावला, त्याच्यामागं लताबाई, तिच्यामागं कामिनी. तोताराम नाना काठी टेकत मंडपाच्या मधोमध पोचले होते. खिडकीच्या आतलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी चेअरमनच्या हातातून माइक मागितला नाही, काढून घेतला.

"मगन साडेआठले पडला," नाना म्हणाले. तेरा दिवस न वापरलेला आवाज घोगरा झाला होता. "साडेअकराले नाही. योगराज खोटं बोलला. माह्यासाठी बोलला, पन खोटं बोलला."

"नाना, बसा," योगराज त्यांच्या कोपराला धरायला गेला. नानांनी काठी वर केली. योगराज मागं सरकला.

"कौतिक गाडी काढत व्हता. मी म्हटलं, थांब. कोनाच्या घरात डॉक्टर हाये गावात? आमच्या घरात हाये. नातीले विचारल्याशिवाय कशाले जायचं? सुनेले म्हटलं, फोन लावत राहा. असा माज व्हता मले. माह्या डोयासमोर पोरगं घोरत व्हतं आन् मी म्हने, झोपू द्या." त्यांचा श्वास लागला. "कमान नाही पाहिजे. योगराज, कमान बांधली त मी पाडीन. बठ्ठ्यांनी ऐका. डोक्याले मार लागला, मानूस हासत असो का रडत असो, त्याले गाडीत घाला. कोनाले विचारू नका. माह्या नातीलेबी नाही."

नानांनी माइक खाली सोडला. तो जमिनीवर आपटला आणि स्पीकर कर्कश्श ओरडला.

मग काय व्हायचं ते झालं. पहिला उठला हितेंद्र, कोकिळाचा भाऊ, शिंदखेड्याहून आलेला. "म्हणजे माझ्या मेहुण्याला तुम्ही घरात बसवून मारलं," तो म्हणाला. "आणि तेरा दिवस आम्हाला गोष्टी सांगता? माझी बहीण पस्तिशीत विधवा झाली आणि तुम्ही कमान बांधता?" योगराज त्याच्या अंगावर गेला. "माझ्या बापाला बोलायचं काम नाही." कालपर्यंत हे दोघं एका ताटात जेवत होते. चेअरमन मध्ये पडला तर दोघांनी मिळून त्यालाच झिडकारलं. आणि मग हितेंद्रची नजर फिरत फिरत कामिनीवर येऊन थांबली.

"आणि ही? एवढी डॉक्टरीण. फोनवर फोन केले माझ्या बहिणीनं. हातात काय सोनं होतं की फोन उचलता आला नाही?"

जो बाप नानांसाठी चारशे माणसांसमोर खोटं बोलला, तो लेकीसाठी अर्धं वाक्य बोलला नाही. बोलली ती लताबाई. तिनं पळी खाली ठेवली आणि पुढं आली.

"माझी लेक नोकरीवर होती, हितूभाऊ. लोकांच्या जखमा शिवत होती. मेंदूचा डॉक्टर हप्त्यातून एकदा येतो, त्याला जाऊन विचारा. तिथं तर कोणाची मान वर होत नाही. घरातली पोरगी बरी सापडते सगळ्यांना बोलायला." या वेळी नवऱ्याकडं तिनं पाहिलंच नाही.

कामिनी मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते. बाहेरचा गलका कमी-जास्त होत होता. कोणी म्हणालं, पंगत बसवा. कोणी म्हणालं, कसली पंगत बसवता. तिनं फोनवर यादी उघडली. पहिल्या नंबरवर मेंदूची शस्त्रक्रिया. तिच्या खाली बापाच्या समाधानासाठी टाकलेलं बाकीचं. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओढून तळाला टाकली. त्वचारोग वर आला. रागानं ती अशी पेटली होती की स्वतःचंच काहीतरी मोडायचं होतं तिला.

दार ढकलून कोकिळाकाकू आत आली. पांढरं पातळ, कोरं, कडक. तिनं कामिनीच्या हातातल्या फोनकडं पाहिलं.

"काय करी ऱ्हायनी?"

लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी काकूचं माहेरचं बोलणं सुटलं नव्हतं. मगनकाका त्यावरून तिला चिडवायचा.

"यादी बदलतेय, काकू. पप्पा म्हणतात ते टाकलं वर. त्वचेचं."

"काबर?"

"काबर म्हणजे काय? तू एकोणीस वेळा फोन लावलास. मी उचलला नाही. मी कसली मेंदूची डॉक्टर होणार? कोणत्या तोंडानं?"

काकूच्या चेहऱ्यावर तेरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. ती माया नव्हती, संताप होता.

"तुले सुटका पाहिजे," ती म्हणाली. "सासरानं माइकवर सांगं नि मोकळा व्हयना. तुना बाप कमान बांधीसन मोकळा व्हणार व्हता. आनी तू? मना नवरा गया, आनी तू पुटकुया पाही बठशी? इतकं सस्त शे का?"

"काकू—"

"बोलू नको. मी त्या काउंटरवर उभी व्हती. ती पोरगी माले म्हने, डॉक्टर गुरुवारले येतंस. सोमवारना दिवस, तो तठे स्ट्रेचरवर, आनी माले म्हने गुरुवार." काकूचे ओठ पांढरे पडले होते. "सहा वरीस लागू दे. दहा लागू दे. शिक. आनी मंग आठे ये, जळगावले. सोमवारले, मंगळवारले, बठ्ठा दिन. गुरुवारनी डॉक्टर व्हयनी, त मना दारमा पाय ठेवू नको."

कामिनीनं फोनकडं पाहिलं. पाचला सात मिनिटं कमी होती. तळाला गेलेली ओळ तिनं धरली आणि वर ओढायला लागली. यादी लांब होती, मध्येच बोट निसटलं, ओळ परत खाली गेली. दुसऱ्यांदा धरली. पहिल्या नंबरवर आली तेव्हा तिनं लॉकवर दाबलं. खात्री आहे का, असं फोननं विचारलं. तिनं परत दाबलं.

"झालं," ती म्हणाली.

काकूनं कमरेला खोचलेला स्वतःचा फोन काढला. जुना, बटणांचा. त्यावर तिचा अंगठा न बघता फिरला. कामिनीच्या हातातला फोन वाजायला लागला. कोकिळाकाकू. दोघींच्या मध्ये दोन हातांचंसुद्धा अंतर नव्हतं.

"उचल," काकू म्हणाली.

कामिनीनं उचलला आणि कानाला लावला. काकूचा आवाज समोरूनही आला आणि कानातूनही, एकामागोमाग.

"कामिनी, तुना काका पडना. डोकं दुखी ऱ्हायनं त्यानं. आते काय करू, सांग."

बाहेर पंगत बसत होती, पत्रावळींचा आवाज येत होता. कामिनीनं भिंतीला पाठ टेकली.

"काकू, माझी वाट पाहू नका," ती म्हणाली. "त्यांना झोपू देऊ नका. आत्ता गाडीत घाला."